डिफरन्शियलच्या फिलर प्लगचे आटे परत परत जातायत, तेल काही थांबत नाही

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमची भानगड तीच आहे का ते लगेच कळेल. गाडी रात्री उभी केली, सकाळी मागच्या हाउसिंगखाली, म्हणजे मागच्या ऍक्सलवरच्या डिफरन्शियलच्या गोल पेटीखाली, रुपयाएवढा तेलाचा डाग. फिलर प्लग, म्हणजे तेल भरायच्या भोकाचं बूच, थोडा आवळला, आठ दिवस बरं. मग परत डाग, या वेळी बशीएवढा. परत आवळायला गेलं तर प्लग नुसताच फिरतो, घट्ट म्हणून होतच नाही आणि शेवटी हातानं ओढला तर तसाच बाहेर येतो. आटे गेले. मग कुणीतरी टेफ्लॉन गुंडाळून देतो, कुणी पुट्टी थापून देतो आणि महिन्याभरानं पुन्हा तेच. आमच्या एका सहा चाकी गाडीला दीड वर्षात हे तीनदा झालं आणि चौथ्यांदा होता होता राहिलं, तेव्हा कुठे खरं कारण सापडलं, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

आमच्या दोन गाड्या आहेत, इंदूरहून मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासन घाट उतरून धुळे आणि पुढे नाशिक. जाताना बटाटा नाहीतर सोयाबीन, येताना जे मिळेल ते. घरी आम्ही मराठी बोलतो पण गॅरेजमध्ये आटे म्हटलं तर कुणी ढुंकून बघत नाही, तिथे चूडी म्हणावं लागतं. "भिया, चूडी गई इसकी" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की बस. इथे मी आटेच म्हणणार आहे.

पहिली गोष्ट, जी आम्ही केली नव्हती. तेल खरंच प्लगमधूनच येतंय का ते बघा. मागच्या ऍक्सलवर तेल गळायच्या जागा चार-पाच असतात, पुढचं पिनियनचं सील, बाजूचं किंवा मागचं कव्हर, फिलर प्लग, खालचा ड्रेन प्लग आणि चाकाकडचे हब सील. गाडी चालताना वारा तेल मागे उडवतो त्यामुळे सगळं हाउसिंग काळं-ओलं होतं आणि आपण जो ओला दिसेल त्याला धरतो. हाउसिंग डिझेलनं आणि मग साबणाच्या पाण्यानं धुऊन कोरडं करा, वर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर भुरभुरवा, वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा आणि लगेच खाली जाऊन बघा. पांढऱ्यावर ओली रेघ जिथून सुरू होते तिथून गळती. दहा रुपयांची पावडर आहे, पण याच्याशिवाय हात लावू नका. आणि हाताला लागलेलं तेल हुंगून बघा, गियर ऑइलला गंधकाचा एक उग्र वास असतो, त्यात ईपी म्हणजे जास्त दाबाला टिकणारं ऍडिटिव्ह असतं त्याचा. तो वास इंजिन ऑइलला येत नाही.

आता आमची कहाणी. मूळ प्लग सेंधव्याच्या अलीकडे कुठेतरी रस्त्यात पडला. का पडला ते त्या वेळी कुणी विचारलं नाही. ड्रायव्हर हुशार, त्यानं रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून भोकाच्या मापाचा प्लग आणला, पाऊण इंची, इकडच्या भाषेत सहा सुती, नळाला शेवटी लावतात तो लोखंडी डट्टा. हातानं मस्त बसला, दोन-तीन फेरे गेला, मग पान्यानं आवळला, तेल घातलं, गाडी इंदूरला आली. आम्ही त्याला शाबासकी पण दिली. पुढचं सगळं नाटक त्या डट्ट्यापासून सुरू झालं हे कळायला एक वर्ष गेलं.

घडलं होतं असं. बऱ्याच ऍक्सलच्या हाउसिंगमध्ये फिलर प्लगला पाइपासारखे निमुळते आटे असतात, म्हणजे प्लग टोकाला बारीक आणि डोक्याकडे जाड, दर सोळा एककांना एक असा उतार, आणि तो आवळत गेलं की आट्यांत आटे रुतून सील होतं, वॉशर नसतो. आमच्या भोकात ते आटे एनपीटी जातीचे होते, म्हणजे अमेरिकन. आणि आपल्याकडे नळाच्या दुकानात मिळतं ते सगळं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश. आता गंमत बघा, पाऊण इंचाला दोन्हीत इंचाला 14च आटे. अर्ध्या इंचालाही दोन्हीत 14च. म्हणून तो प्लग हाताला अजिबात कळू न देता आत जातो. फरक कुठे, तर एनपीटीच्या आट्याचा कोन 60 अंश, बीएसपीचा 55. आणि पाऊण इंचाचं बाहेरचं माप एनपीटीला साधारण 26.7 मिलिमीटर, बीएसपीला 26.4. तर आटे एकमेकांत जातात पण अंगाला अंग लागत नाही, शेंड्याशी नाहीतर बुडाशी बारीक फट राहते आणि ती फट आट्यांसोबत गोल गोल फिरत बाहेर येते, तेलाला जणू जिनाच. मग तेल पाझरलं की आपण आवळतो, अजून पाझरलं की पाइप घालून आवळतो आणि प्रत्येक आवळण्यात आट्याचे शेंडे थोडे थोडे चेचले जातात. प्लग आणि हाउसिंग यांत जे मऊ असेल ते आधी जातं. आमचं हाउसिंग बिडाचं, बीड वाकत नाही, कपचे उडतात. तिसऱ्यांदा आवळताना खाली बारीक काळा भुगा पडला तो आट्यांचाच होता, मिस्त्री म्हणाला कचरा आहे.

इंचाला 14 आटे नसते, म्हणजे एक इंची प्लग असता तर हे झालंच नसतं, कारण तिथे एनपीटीला साडेअकरा आणि बीएसपीला 11, प्लग दीड फेऱ्यात अडकतो आणि माणूस सावध होतो. अर्धा आणि पाऊण इंच इथेच फसवणूक आहे.

अजून एक माप डोक्यात ठेवा. पाऊण इंची म्हणतात तो प्लग व्हर्नियरनं मोजला तर एक इंचापेक्षा जाड भरतो, कारण ते पाऊण इंच जुन्या पाइपाच्या आतल्या भोकाचं नाव आहे, आट्यांचं माप नाही. ज्याला हे माहीत नाही तो व्हर्नियर लावून म्हणतो एक इंची द्या. इंदूरच्या सियागंज बाजारात मी स्वतः हे करून आलोय आणि दुकानदारानं एक इंची दिला पण.

सगळ्या गाड्यांना असंच असतं असं मात्र नाही. पुष्कळ गाड्यांना सरळ मेट्रिक आटे असतात, 22 किंवा 24 मिमी जाड आणि दीड मिमी पिच (दोन आट्यांतलं अंतर), डोक्याखाली तांब्याचा किंवा ऍल्युमिनियमचा वॉशर. तिथे सील वॉशर करतो, आटे फक्त धरून ठेवतात. तर आधी आपलं कुठलं ते नक्की करा. व्हर्नियरनं प्लग टोकाशी आणि डोक्याशी दोन्हीकडे मोजा, माप सारखं आलं तर सरळ, वेगळं आलं तर निमुळता. मग पिच गेज लावा, छोट्या पात्यांचा जुडगा असतो, हार्डवेअरला मिळतो, पण घेताना त्यात 55 आणि 60 दोन्ही कोनांची पाती आहेत का बघा. पातं आट्यांत बसवून उजेडाकडे धरा, मधून उजेड दिसला तर ते पातं नाही. मूळ प्लग हरवला असेल तर दुसऱ्या त्याच मॉडेलच्या गाडीचा काढून मोजा, हाउसिंगमधले चेचलेले आटे मोजत बसू नका, ते खोटं बोलतात.

दुसऱ्यांदा आटे गेले तेव्हा गॅरेजवाल्यानं टेफ्लॉनचे पंधरा वेढे आणि वरून ती दोन रंगांची मळून लावायची पुट्टी असा बंदोबस्त केला. पुट्टी कडक झाली, अगदी दगड, पण तेलकट बिडाला ती धरत नाही, एक घाट चढून उतरला की कडेनं सुटते. आणि टेफ्लॉनचे धागे आत गेले ते नंतर ड्रेन केलं तेव्हा तेलात तरंगत निघाले. शिवाय पुट्टी लावल्यानंतर तेलाची लेव्हल बघायची सोयच गेली, म्हणजे गळतंय किती आणि उरलंय किती याचा पत्ता नाही. क्राऊन-पिनियनचा, म्हणजे आतल्या मुख्य गियरच्या जोडीचा, सेट केवढ्याला पडतो ते ज्यानं एकदा घेतलाय त्याला विचारा.

बरं, आता दुरुस्ती. किती नुकसान झालंय त्यावर तीन रस्ते आहेत.

आटे नुसते दबलेत, सुरुवातीचे दोन-तीनच खराब आहेत तर कापायची गरज नाही, सरळे करायचे. त्याच मापाचा जुना चांगला प्लग घ्या, त्याच्या अंगावर हॅक्सॉनं नाहीतर पातळ कटिंग व्हीलनं लांबीच्या दिशेनं तीन-चार खाचा पाडा, कडा कानशीनं साफ करा आणि तो ग्रीस लावून हलक्या हातानं आत-बाहेर करा. अर्धा फेरा आत, पाव फेरा मागे. खाचांत कीस जमा होतो. हा देशी चेजर टॅपपेक्षा, म्हणजे आटे कापायच्या हत्यारापेक्षा, बरा कारण तो नवीन धातू कापत नाही, वाकलेलं सरळ करतो.

निमुळते आटे असतील आणि जरा जास्त गेले असतील तर एक फायदा आहे जो सरळ आट्यांत नाही. एनपीटीचा योग्य टॅप घेऊन एक-दोन फेरे अजून आत नेला तर भोक थोडं मोठं होऊन ताजे आटे पडतात आणि तोच प्लग थोडा जास्त आत जाऊन बसतो. फक्त बघा की प्लग आत जाऊन क्राऊनच्या दातांना लागत नाहीये. प्लगच्या टोकाला मातीचा किंवा मेणाचा गोळा चिकटवा, प्लग लावा, चाक हातानं एक फेरा फिरवा, काढून बघा गोळ्यावर दाताचा वण आहे का. टॅपचंही तेच, टॅप लांब असतो, तो आत क्राऊनला टेकला आणि तुम्ही जोर लावला तर टॅप मोडेल नाहीतर दाताला खरवड बसेल.

आणि आटे पूर्ण गेले असतील, आमच्यासारखे, तर बुश, म्हणजे बाहेरून-आतून आटे असलेली छोटी नळी भोकात बसवायची. काही लोक एक इंची एनपीटी टॅप मारून मोठा प्लग लावतात, भोकाभोवती मांस भरपूर असेल तर चालतं. किंवा बाहेरून एक इंच आणि आतून पाऊण इंच असा तयार रिड्यूसर बुश हायड्रॉलिकच्या फिटिंगवाल्यांकडे मिळतो, तोही चालतो, फक्त एनपीटीच आहे ना ते दोनदा विचारा. मी ते केलं नाही. मला निमुळत्या आट्यांचा कंटाळाच आला होता, कारण ते आवळायचे किती हे प्रत्येक ड्रायव्हरचं वेगळं असतं, आणि आपल्याकडे सगळे ड्रायव्हर पैलवान. म्हणून मी ठरवलं की बुश असा करायचा की पुढचा प्लग सरळ आट्यांचा आणि वॉशरचा होईल, म्हणजे गळायला लागलं तरी आधी वॉशर बदलून बघता येईल.

लोहामंडीत एक लेथवाले काका आहेत, मराठीच, त्यांच्याशी बसून माप काढलं. बाहेरून 30 मिमी, दीड पिच. आतून 22 मिमी, दीड पिच. डोक्याला 38 मिमीची कॉलर. हे माप का, तर 30 बाय दीडला भोक 28.5 मिमी लागतं (जाडीतून पिच वजा केला की टॅपचं भोक येतं, सोपा हिशेब), आणि जुने पाऊण इंची आटे 26.7पर्यंतच पोहोचतात, म्हणजे जुनं सडकं सगळं निघून जातं आणि नवीन आटे कोऱ्या धातूत पडतात. बुशची भिंत आट्यांच्या बुडाशी तीन मिमीच्या आसपास राहते, ती पुरेशी आहे. आणि 22 बाय दीडचा प्लग वॉशरसकट बाजारात सहज मिळतो, बऱ्याच इंजिनांच्या संपला, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीला, तोच असतो, म्हणजे परत रस्त्यात पडला तर ड्रायव्हरला डट्टा शोधत फिरायला नको. काका आधी म्हणाले पितळेचा करून देतो, लवकर होईल. मी म्हटलं नको, पितळेचे आटे मऊ, परत तोच खेळ. माइल्ड स्टीलचा केला.

भोक मोठं करायचं काम गाडीखाली पडूनच केलं. यात दोन ठिकाणी आमची फजिती झाली. एक म्हणजे मोठा ड्रिल आधीच्या भोकात गेला की धातू खेचत एकदम घुसायला बघतो आणि मशीन मनगट फिरवून टाकतं. हळू स्पीड, बाजूचं हँडल चेसिसला टेकवलेलं, आणि दोन माणसं. दुसरं, टॅप सरळ जातोय का ते डोळ्यानं कळत नाही, कारण हाउसिंग गोल. भोकाभोवतीचा बाहेरचा पृष्ठभाग आधी कानशीनं सपाट केला, बुशची कॉलर तिथेच टेकणार म्हणून तो तसाही सपाट लागतोच, आणि मग त्याच्यावर छोटा गुण्या उभा करून टॅप तपासत गेलो. दर फेऱ्याला. पहिले तीन फेरे सरळ गेले की पुढचं सरळच जातं. तीन टॅपच्या सेटमधला पहिला, मग दुसरा, घाई करून एकदम तिसरा घालू नका.

कीस आत जाऊ न देणं हे या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि लोक यालाच सगळ्यात कमी वेळ देतात. लोखंडाचा एक बारीक तुकडा क्राऊन आणि पिनियनच्या मध्ये किंवा बेअरिंगमध्ये गेला तर प्लगच्या भानगडीतून तुम्ही सेटच्या भानगडीत गेलात. आम्ही काय केलं, आधी जुनं तेल काढलं. गाडीच्या चाकांना पुढे-मागे ओट म्हणजे अडसर, गियर न्यूट्रल, चाक कुणी फिरवणार नाही असं बजावलं आणि मगच आत जाड चिंधी कोंबली, चिंधीला दोरी बांधून दोरी बाहेर. दोरी न बांधता चिंधी आत हरवलेली मी बघितलीय, मग कव्हर उघडावं लागतं. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, कीस ग्रीसला चिकटतो, दर दोन फेऱ्यांनी टॅप काढून पुसून परत ग्रीस. बिडाचा कीस भुकटीसारखा असतो, तो स्टीलसारखा कुरळा येत नाही, त्यामुळे ग्रीस जास्तच भरा. झाल्यावर चिंधी दोरीनं हळूच काढली, काठीला बांधलेलं लोहचुंबक आत फिरवलं, मग स्वस्तातलं दोन लिटर गियर ऑइल वरून ओतून खालच्या ड्रेनमधून काढलं, ते गाळून बघितलं, परत दोन लिटर. दुसऱ्यांदा स्वच्छ आलं. कव्हर ऍल्युमिनियमचं असेल आणि प्लग कव्हरमध्ये असेल तर लोहचुंबक काही कामाचं नाही, सरळ कव्हर काढून टेबलावर काम करा, तेच सोपं. तिथे बुशऐवजी तारेची हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी स्प्रिंग, पण छान बसते.

बुश बसवताना दोन्हीकडचे आटे थिनरनं किंवा ब्रेक क्लीनरनं पूर्ण कोरडे केले, तेलाचा अंशही नको, मग लाल लॉकटाइट 271 लावून बुश कॉलर टेकेपर्यंत आवळला. हे लॉकटाइट हवा बंद झाली आणि धातूला लागलं की घट्ट होतं, पूर्ण ताकद यायला चोवीस तास द्या. थांबायचं. आम्ही गाडी तिथेच सोडून पोहे-जिलबी खाऊन घरी आलो, दुसऱ्या दिवशी तेल भरलं. प्लगच्या आट्यांना लाल लॉकटाइट अजिबात लावू नका, तो परत निघणार नाही. प्लगला फक्त वॉशर. निमुळता प्लग ठेवणार असाल तर पाइपचा थ्रेड सीलंट लावा, लॉकटाइटचाच 567 किंवा 577, टेफ्लॉनपेक्षा ते चांगलं, धागे आत जात नाहीत.

वेल्डिंगबद्दल विचारणारे असतात म्हणून लिहून टाकतो. भोकावर नट वेल्ड करून देतो म्हणणारे ट्रान्सपोर्ट नगरात दहा भेटतील. बिडाच्या हाउसिंगवर साध्या रॉडनं वेल्ड केलं तर थंड होताना बाजूनं चीर जाते, आणि वेल्डिंगची अर्थ वायर चेसिसला लावली तर करंट बेअरिंगमधून जाऊन तिथे खड्डे पाडतो. प्रेस केलेल्या स्टीलच्या हाउसिंगला जमू शकतं, पण आतलं तेल काढून, अर्थ त्याच हाउसिंगवर जवळ लावून, बॅटरी सोडवून, आणि ज्याला येतं त्याच्याकडूनच.

तर बुश झाला. मी खूश. दहा दिवसांनी गाडी धुळ्याहून आली आणि खाली परत डाग.

खरं सांगतो, त्या दिवशी गाडी विकायचा विचार आला. टाल्कम पावडर मारली. बुश कोरडा ठणठणीत, प्लग कोरडा. ओली रेघ पिनियनच्या सीलपासून. आता सील पण गेलं? सील सहा महिन्यांपूर्वीच बदललेलं. मिस्त्री म्हणाला सील बदलू, मी म्हटलं थांब. कारण प्लग ढिला करताना आतून फुस्स करून हवा आली. आणि मला आठवलं की ही फुस्स पहिल्यापासून यायची, पहिला प्लग असताना पण, आणि आम्ही म्हणायचो गरम आहे म्हणून येते. गरम आहे म्हणूनच येते, पण यायला नको. हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, करंगळीएवढी टोपी, त्यातून गरम हवा बाहेर जायला पाहिजे. वर हात घालून बघितलं तर टोपी चेसिसच्या काळ्या रंगानं गच्च. दोन वर्षांपूर्वी फिटनेसच्या आधी खालून सगळं स्प्रे करून घेतलं होतं, पेंटरनं प्रामाणिकपणे ब्रीदर पण रंगवला. वरून दोन वर्षांची माती.

हिशेब करून बघा. सकाळी 30 अंशांवर निघालेली गाडी घाट चढून आली की आतलं तेल आणि हवा 90 अंशांच्या घरात जाऊ शकते. बंद डब्यातली हवा एवढी तापली की दाब पाचव्या हिश्शानं वाढतो, म्हणजे जवळजवळ तीन पीएसआय. ऐकायला काहीच नाही, टायरमध्ये शंभराच्या वर असते. पण तेलाचं सील दाब रोखायला बनवलेलं नसतं, ते नुसतं तेल पुसून ठेवतं. आणि चुकीच्या आट्यांचा जो जिना मी वर सांगितला त्यातून तेल ढकलायला तीन पीएसआय भरपूर. म्हणूनच आमचा डाग नेहमी गाडी आल्यावर पहिल्या दोन तासांत पडायचा आणि गाडी दोन दिवस उभी राहिली तर पडायचा नाही. हे ड्रायव्हरनं सांगितलं पण होतं, आम्ही ऐकलं नाही. उलट थंड होताना आत ओढ बसते, पावसात चाकं पाण्यातून गेली की सीलमधून पाणी आत जातं आणि तेल दुधाळ होतं. ब्रीदर काढला, डिझेलमध्ये रात्रभर भिजवला, तारेनं टोचला, टोपी हातानं हलकी उचलली जाते का बघितलं, लावला. सील न बदलता पिनियन कोरडा झाला, तेही मला आधी खरं वाटलं नव्हतं. तुमचं सील इतकं नशीबवान असेलच असं नाही, बराच काळ दाब खाल्लेलं सील ओठाला उलटतं, मग बदलावंच लागतं.

म्हणजे आटे गेलेले खरेच होते, बुश लागणार होताच, पण ब्रीदर बंद ठेवून बुश केला असता, तसा केलाच होता म्हणा, तर तेल दुसरी वाट शोधतं. तुम्ही काम काढाल तेव्हा ब्रीदर आधी बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आवळण्याबद्दल थोडं. निमुळता प्लग हातानं बसेल तिथून पान्यानं दीड ते दोन फेरे, बस. तेवढ्यात थांबलं नाही तर आटे चुकीचे आहेत, जोर वाढवू नका. वॉशरच्या सरळ प्लगला कंपनीच्या मॅन्युअलमधला टॉर्क, आणि टायरवाल्याची हवेची गन या प्लगला कधीच नाही. तांब्याचा वॉशर एकदा दबला की कडक होतो, परत वापरायचा तर गॅसवर लालबुंद करून थंड करा, परत मऊ होतो. नवीन घेतला तर अजून बरं, किंमत काय असते त्याची.

तेल बदलताना आणखी एक, खालचा ड्रेन प्लग उघडायच्या आधी वरचा फिलर प्लग निघतोय का ते बघा. तेल सगळं काढून बसलात आणि फिलर निघालाच नाही, त्याच्या डोक्याचा चौकोन गोल झाला, तर गाडी जागच्या जागी अडकली. गरम गाडीत प्लग एकदम काढू नका, तोंड बाजूला ठेवून हळूहळू ढिला करा, दाब असेल तर गरम तेल अंगावर येतं.

लेव्हल, सपाट जागेवर, गाडी थांबून पंधरा मिनिटं झाल्यावर, भोकाच्या खालच्या काठाला तेल लागेपर्यंत, बहुतेक गाड्यांना असंच. बुश बसवल्यावर आतलं भोक लहान होतं म्हणून खालचा काठ साधारण दोन मिमी वर येतो, तेवढं तेल जास्त बसतं, त्यानं काही बिघडत नाही पण मिस्त्री विचारेल की जास्त कसं गेलं. तेल जीएल-5 दर्जाचंच, ग्रेड तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल तो, 80डब्ल्यू-90 किंवा 85डब्ल्यू-140. गळतंय म्हणून घट्ट तेल घालणारे असतात, त्यानं गळणं चार दिवस लांबतं इतकंच.

आता सात महिने झाले, मध्ये पूर्ण पावसाळा गेला. हाउसिंगवर प्लगच्या शेजारी पांढऱ्या ऑइल पेंटनं "22 x 1.5 वॉशर" असं मोठं लिहून ठेवलंय आणि ब्रीदरभोवती लाल गोल काढलाय. परवा फिटनेसला गाडी जाणार होती, पेंटरला मी स्वतः खाली झोपून तो लाल गोल दाखवला आणि टोपीवर चिकटपट्टी लावून दिली, संध्याकाळी ती पट्टी काढायची आठवण ड्रायव्हरनंच केली.